कुतच्या वेढ्यात

मुंबई बंदर, ऑक्टोबर १९१४

धक्क्यावर खेचरांची रांग लागली आहे. पोटाखालून पट्टा घातलेलं एकेक खेचर यारीने वर उचललं जातं, हवेत पाय झाडतं आणि जहाजाच्या पोटात उतरतं. तुमच्या शेजारी उकिडवा बसलेला शिपाई ११७व्या मराठा पलटणीचा. खटावाकडचा. पाऊस बेभरवशाचा, जमीन मुरमाड. थोरल्याने नांगर धरला म्हणून धाकट्याने पलटण धरली. पगार महिना ११ रुपये.

“कुठं निघाला, दादा?” तुम्ही विचारता.

“कुनास ठाव. सायेब म्हनत्यात, दर्यात गेल्यावर लखोटा फुटंल.”

लखोट्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही शंभरहून अधिक वर्षं पुढून आला आहात. २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. मोठी राष्ट्रं एकमेकांशी तहांनी बांधलेली होती आणि प्रत्येकाला आधी सैन्य हलवण्याची घाई होती, म्हणून सहा आठवड्यांच्या आत सगळा युरोप पेटला. पण खटावच्या या माणसाला इथे आणलं आहे ते तेलाने. ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलावर चालू लागलं आहे. इराणचं तेल शुद्ध करणारा कारखाना अबादानला आहे आणि त्या कंपनीतला ५१ टक्के हिस्सा ब्रिटिश सरकारने याच वर्षी विकत घेतला आहे. तो कारखाना तुर्की हद्दीला लागून आहे. तुर्कस्तान अजून युद्धात उतरलेलंही नाही आणि त्याच्यावर जाणारी जहाजं मुंबईत भरली जात आहेत.

शिपायाला बसरा एवढंच नाव ओळखीचं, तेही नथीतल्या मोत्यांमुळे.

कुर्ना, ३१ मे १९१५

सात महिने भरकन उलटा. तुर्कस्तान युद्धात उतरताच, ६ नोव्हेंबरला, फौज आखाताच्या टोकावरच्या फाओला उतरली, महिना संपायच्या आत बसरा पडलं. तेल सुरक्षित झालं. ज्या कामासाठी आले होते ते इथेच संपलं होतं, हे लक्षात ठेवा. पुढे जे घडतं ते गरजेपोटी नाही.

आता तुम्ही लव्हाळ्यात लपलेल्या एका अरुंद होडीत बसला आहात. टायग्रिसला पूर आला आहे, सगळं रान पाण्याखाली. शिपाई बांबूने होड्या रेटत शत्रूच्या टेकड्यांवर चालून जात आहेत. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड पळणाऱ्या तुर्कांच्या मागे लागतो आणि ३ जूनला अमारा घेतो. सप्टेंबरच्या शेवटी कुत पडतं. विजय इतका स्वस्तात मिळाला की सगळ्यांनाच बगदाद दिसू लागलं. गॅलिपोलीत ब्रिटिशांची नाचक्की चालली आहे. सिमल्याला आणि लंडनला कुठूनतरी मोठी बातमी हवी आहे. पुढे जायला आणखी सैन्य लागेल हे टाउनशेंड लिहून कळवतो. हुकूम येतो तो पुढे जाण्याचा. सैन्य येत नाही.

टेसिफोन, २२ नोव्हेंबर १९१५

पहाटेची थंडी हाडांत शिरते. सपाट वाळवंटात एकच गोष्ट उभी दिसते: सासानी बादशहांच्या राजवाड्याची विटांची प्रचंड कमान. बगदाद इथून दीड-दोन दिवसांच्या चालीवर. १०३वी, ११०वी आणि ११७वी, मराठ्यांच्या तीन पलटणी या मैदानात आहेत. पहिली खंदकांची ओळ त्यांनी आणि इतरांनी घेतलीही. पण मागे दुसरी ओळ आहे, तुर्कांकडे ताजी कुमक आहे, आणि संध्याकाळपर्यंत पुढे जायला माणसंच उरत नाहीत. साडेचार हजारांच्या वर जखमी किंवा मृत, म्हणजे लढणाऱ्यांतला प्रत्येक तिसरा माणूस आणि वर आणखी काही.

जखमींच्या मागे जा. रुग्णवाहिका नाहीत. स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत त्यांना घालतात. मोडलेल्या मांडीचा माणूस खडबडीत जमिनीवरून मैलोनमैल असाच जातो. नदीवर ‘मजीदिये’ नावाच्या बोटीत त्यांना दाटीने रचलं जातं. बसऱ्याला पोचायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. तिथल्या इस्पितळी जहाजावर उभ्या असलेल्या मेजर कार्टर या लष्करी डॉक्टरला वाटतं, बोटीच्या बाजूंनी दोर लोंबत आहेत. जवळ आल्यावर कळतं, ती वाळलेली विष्ठा आहे. कार्टरने तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यालाच धमकावलं.

कुत, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६

माघार घेत फौज कुतला परतली आणि ७ डिसेंबरला वेढा आवळला गेला. गच्चीवर चढून पाहा. टायग्रिसने गावाला तीन बाजूंनी कवेत घेतलं आहे. चौथी बाजू तुर्कांच्या खंदकांनी बंद केली आहे. आत फौज, तिचे भिस्ती, कहार, खेचरवाले आणि गावातले हजारो अरब. नदीपलीकडे ज्येष्ठमधाच्या कारखान्याची एक वस्ती आहे. ती ११०व्या मराठ्यांनी आणि १२०व्या पलटणीने धरून ठेवली आहे. २४ डिसेंबरला नदीच्या अलीकडे, तोफांनी कुतच्या किल्ल्याची मातीची भिंत फोडून तुर्क आत घुसतात. तिथे १०३वे मराठे आणि गोरी ऑक्सफर्डशायर पलटण खांद्याला खांदा लावून त्यांना बाहेर रेटतात.

पण कुतची खरी लढाई भिंतीवरची नव्हे, ती पोटातली. महिन्यामागून महिना शिधा कमी होत जातो. जव आहे, पण दळणार कशावर? तर विमानातून जात्याचे दगड टाकले जातात! वेढ्यात सापडलेल्या फौजेला हवेतून रसद पोचवण्याचा हा जगातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक. टाकलेली पोती कधी नदीत पडतात, कधी शत्रूकडे. गोरे शिपाई घोड्याचं मांस खाऊ लागले आहेत. तुमचा खटावचा शिपाई खात नाही.

“खा रं बाबा, जीव वाचंल,” हवालदार समजावतो.

“गावाकडं कळलं तर? पोरीचं लगीन हुयाचंय, आबा.”

हा हट्ट म्हणून सोडून देऊ नका. पंगतीतून उठवलं जाणं म्हणजे काय, हे त्याला मरणापेक्षा जास्त नीट माहीत आहे. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मिळवून ती बिनतारी यंत्राने कळवली गेली, तरी शिपायांचं मन वळायला एप्रिल उजाडला. तोवर हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. भाजीपाल्याविना स्कर्व्हीने माणसं खंदकात उभी राहीनाशी झाली. कुणी नदीकाठचं गवत उकडून खाल्लं, त्यातलं काही विषारी निघालं.

रात्री पूर्वेकडून तोफा ऐकू येतात. सुटका करायला निघालेली फौज तिकडे आहे. शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नय्यात: चिखलात आणि पुरात ती पुन्हा पुन्हा धडका देते. आतल्या १३,००० माणसांसाठी बाहेरचे सुमारे २३,००० जण जखमी झाले किंवा मेले, आणि त्यांतही हिंदी पलटणी होत्या. शेवटी टी. ई. लॉरेन्ससारखे अधिकारी फौज सोडण्यासाठी तुर्कांना वीस लाख पौंड देऊ करतात. सौदा फिसकटतो. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंड तोफा फोडतो आणि शरण जातो.

रास-अल-ऐनची वाट, उन्हाळा १९१६

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना मिळाली वाळवंटातली पायपीट. त्यांच्याबरोबर चाला. शुमरानच्या छावणीत दगडासारखी कडक बिस्किटं वाटली. रिकाम्या आतड्यांना ती सोसली नाहीत, माणसं रात्रीत गेली. मग बगदाद, मोसुल, आणि पुढे बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामावर रास-अल-ऐन. बूट गेले, पाण्याच्या बदल्यात कपडे गेले. वाटेत आर्मेनियन लोकांच्या कत्तलींच्या खुणा दिसतात: ओस गावं, मृतदेहांनी भरलेल्या विहिरी. बंगाल अँब्युलन्स कोअरमधला शिशिर सर्बाधिकारी याच वाटेने गेला. त्याने टिपून ठेवलं म्हणून पुढे ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक झालं आणि कैदेतल्या हिंदी माणसाने काय पाहिलं ते आपल्याला वाचता आलं. डॉक्टर कल्याण मुखर्जी १९१७ साली रास-अल-ऐनलाच वारला. त्याची पत्रं घरच्यांनी जपली. हजारो हिंदी कैदी परतले नाहीत. आपल्या खटाव-माणच्या, कोकणातल्या शिपायांचे शब्द मात्र फारसे मागे राहिले नाहीत.

लंडन आणि मुंबई, १९१७-१८

आता लंडनच्या पार्लमेंटमध्ये बसा, जुलै १९१७. बगदाद मार्चमध्येच पडलं आहे, पण ‘मजीदिये’चा वास इथवर आला आहे. या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया (आजचा इराक) आयोगाने कार्टरचं म्हणणं उचलून धरलं. हिंदुस्थान सरकारच्या हलगर्जीपणावर ताशेरे ओढले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन राजीनामा देतो. त्याच चर्चेत हिंदुस्थानच्या कारभारावर कडाडून टीका करणारा एडविन माँटेग्यू त्याच्या जागी येतो आणि २० ऑगस्टला जबाबदार राज्यपद्धतीचं आश्वासन देतो. सुधारणांच्या त्या हप्त्याची किंमत टायग्रिसकाठी चुकवली गेली होती. हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवं.

१० जून १९१८, मुंबईची युद्ध परिषद. लोकमान्य टिळक उठतात. स्वराज्य आणि संरक्षण वेगळं करता येणार नाही असं मांडू लागताच गव्हर्नर विलिंग्डन त्यांना अडवतो. टिळक सभा सोडून बाहेर पडतात. त्याच महिन्यात बंदरातून इन्फ्लुएंझा शहरात शिरतो. देशात एक कोटीहून अधिक माणसं मरतात. जे शिपाई परतले त्यांतल्या कित्येकांना घरी दार उघडायला कुणी नव्हतं. वर्षभराच्या आत रौलट कायदा आला आणि जालियनवाला बाग घडली. भरतीची गरज होती तेव्हा, १९१७ साली, उभी केलेली १११वी महार पलटण १९२१ साली मोडली गेली. ११७व्या पलटणीला ‘रॉयल’ पदवी मिळाली. आणि १९२० मध्ये इराकी जनता उठली, तेव्हा ती दडपायलाही हिंदी फौजच पाठवली गेली.

बसरा, १९२९

शेवटचा मुक्काम. ज्यांना कबर नाही अशा ४०,००० हून अधिक जणांचं स्मारक आज उघडलं जात आहे. भिंतीवर बोट फिरवा. गोऱ्या शिपायाचं नाव आहे, अधिकाऱ्याचं नाव आहे. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावं आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि फक्त संख्या. ही चूक नजरचुकीने झाली नाही, ठरवून झाली. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ साली अशा भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. आपल्या गावांतल्या संगमरवरी पाट्याही तशाच: या गावातून इतके गेले, इतके मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाचे ४६ जवान त्या युद्धात मारले गेले.

युद्धाची कारणं राजधान्यांत शोधली जातात आणि ते योग्यच आहे. पण त्याचा भार कुणी वाहिला हे सांगताना आकड्यावर थांबणं म्हणजे त्या दगडाचीच पद्धत चालू ठेवणं. ती मोडता येते, कारण एक पुरावा घराघरांत आहे. त्या युद्धाच्या चांदीच्या ब्रिटिश पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. मेलेल्यांची पदकं वारसांकडे आली. काही दुष्काळात मोडीत गेली असतील, बाकीची ट्रंकेच्या तळाशी आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीत तुमचं गाव असेल तर वडीलधाऱ्यांना विचारा, ती कड उजेडात धरून वाचा, नाव उतरवून घ्या, आजीला आठवतं ते त्याच्यापुढे लिहा आणि ग्रामपंचायतीत, शाळेत लावा. स्मारक उभारणाऱ्या सरकारने जे ठरवून टाळलं, ते करण्याची पाळी आपली आहे, आणि ते सांगू शकणारी शेवटची पिढी अजून आपल्यात आहे.