दुपारचा सैतान आणि माझं अडलेलं प्रकरण

पीएचडीला बसलेल्या माणसाची दुपार कशी असते, हे तुम्हाला लवकरच कळेल. जेवण झालेलं असतं. पुस्तक उघडून दोन पानं वाचून होतात आणि हात आपोआप मागची पानं चाळायला लागतो: अजून किती उरलंय? मग चहा, मग फोन. मग एक विचार येतो की विषयच चुकला. दुसऱ्या विद्यापीठात गेलो असतो तर बरं झालं असतं, इथे आपली विचारपूस करणारं कोणी नाही.

या दुपारीचं वर्णन चौथ्या शतकातल्या एका ख्रिस्ती संन्याशाने करून ठेवलंय, यावर माझा आधी विश्वास बसला नव्हता. जांभया देणारा, डोळे चोळणारा, भिंतीकडे बघत बसणारा, पानं मोजणारा आणि शेवटी पुस्तक उशाला घेऊन डुलकी काढणारा वाचक त्याच्या लिखाणात आहे. या अवस्थेला त्याने ग्रीक शब्द वापरला तो ‘अकेडिया’. आज या शब्दाबद्दल सांगतो, आणि त्यावर लिहिताना माझी कुठे फजिती झाली तेही.

माणूस कोण होता

एवाग्रियस साधारण ३४५ च्या सुमारास पोंटसमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या काळ्या समुद्राकाठच्या भागात जन्मला. कॉन्स्टँटिनोपलला त्याचं नाव झालं. तिथे तो एका प्रतिष्ठित घरातल्या विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला आणि शहर सोडून जेरुसलेमला पळाला. ही हकीकत त्याचा शिष्य पॅलेडियस सांगतो. जेरुसलेममध्ये मेलानिया नावाच्या विदुषी संन्यासिनीने त्याला वळण लावलं आणि ३८३ च्या आसपास तो इजिप्तच्या वाळवंटात गेला. आधी नित्रियाला आणि मग केलिया या वस्तीत. केलिया म्हणजे नुसतं ‘खोल्या’. तिथे पोथ्यांच्या नकला करून तो पोट भरायचा. ३९९ मध्ये तो तिथेच वारला.

त्याने माणसाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार पाडले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, अकेडिया, कीर्तीची हाव आणि गर्व. तुम्हाला लगेच षड्रिपू आठवले असतील. मलाही आठवले. पण दोन याद्या शेजारी ठेवून बघा. आपल्याकडचा मत्सर त्याच्या यादीत नाही आणि त्याची अकेडिया आपल्या सहांत नाही. सारखेपणा दिसला की फरक मोजायला बसायचं, ही सवय आत्तापासून लावून घ्या.

अकेडियाला तो ‘दुपारचा सैतान’ म्हणतो. हा शब्दप्रयोग ९१ व्या स्तोत्राच्या ग्रीक भाषांतरातून आलाय. केलियातला संन्यासी दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे त्यांच्या हिशेबाने नवव्या तासाला, दिवसाचं एकमेव जेवण घ्यायचा. त्याआधीचे तास सरता सरायचे नाहीत. सूर्य जागचा हलत नाहीसं वाटायचं. नजर सारखी खिडकीकडे जायची. मग जागेचा, कामाचा, सोबत्यांचा वीट यायचा. घरची माणसं आठवायची, दुसरीकडे जगणं सोपं असेल असं वाटायचं. या सैतानाला हवं असतं एकच: माणसाने खोली सोडावी.

माझी चूक

माझ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात मी झटकन लिहून टाकलं होतं: अकेडिया म्हणजे आजचं मोबाइलचं व्यसन, कामाची टाळाटाळ, बर्नआउट. मसुदा वाचून मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: “मग यात देव कुठे गेला?”

तो प्रश्न मला महिनाभर सुटला नाही. एवाग्रियसच्या मांडणीत आत्मसंयम ही सुटी गोष्ट नाही, ती एक साखळी आहे. श्रद्धेला देवाच्या भयाने बळकटी येते, त्या भयाला संयमाने, संयमाला धीराने आणि आशेने. त्यातून ‘अपाथेइया’ येते आणि तिच्यातून प्रेम जन्मतं. म्हणजे संयम हा मधला टप्पा आहे, मुक्काम प्रेमाचा आहे. आपण आज संयम कशासाठी शोधतो? काम जास्त व्हावं म्हणून. मी त्याच्या साखळीतली एकच कडी तोडून घेतली होती आणि ती आजच्या वेळेच्या नियोजनाला जोडली होती.

भाषांतराचीही एक अडचण आहे. ‘अपाथेइया’ला मराठीत ‘अनास्था’ म्हटलं तर अर्थ उलटाच होतो. ‘वैराग्य’ किंवा ‘स्थितप्रज्ञता’ म्हटलं तर गीता सोबत येते. संयमासाठी त्याचा शब्द आहे ‘एंक्राटेइया’. हाच शब्द पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात, आत्म्याच्या फळांच्या यादीत शेवटी आहे. मराठी बायबलात तिथे ‘इंद्रियदमन’ असा शब्द मिळतो. तो वाचताना मराठी माणसाच्या मनात योग आणि तप उभं राहतं. ते चूक आहे असं मी म्हणत नाही, पण ती अर्थाची भर आपल्या भाषेतून आलीय, हे टिपून ठेवावं लागतं.

शब्दाचा प्रवास

एवाग्रियस गेल्यावर त्याच्या विचारांवर वाद पेटला आणि ५५३ नंतर त्याचं नाव पाखंडी म्हणून घेतलं जाऊ लागलं. त्यामुळे काही ग्रंथ नायलस नावाच्या दुसऱ्याच लेखकाच्या नावावर टिकले. पानं मोजणारा तो वाचक त्यातल्याच एका ग्रंथात आहे. काही ग्रंथांची ग्रीक प्रत हरवली आणि सिरियाक भाषांतर उरलं. तेव्हा मुखपृष्ठावरच्या नावावर विसंबू नका.

दरम्यान जॉन कॅसियनने ही आठांची यादी लॅटिनमध्ये मार्सेलला नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने तिची नवी मांडणी केली. त्यात अकेडिया खिन्नतेत विरून गेली आणि मत्सर आत आला. पुढे सात महापापांच्या लोकप्रिय यादीत अकेडिया परतली, आणि हळूहळू तिचा अर्थ ‘आळस’ इतकाच उरला. पण अकेडिया झालेला माणस आळशी असतोच असं नाही. आजारी सोबत्याला भेटायला जाण्यासारखी चांगली कामंही तो शोधून काढतो, फक्त खोलीबाहेर पडायला मिळावं म्हणून. प्रबंध सोडून संदर्भांच्या फायली रंगवत बसलेला विद्यार्थी आठवा.

मग आज याचं काय करायचं?

२०२० च्या लॉकडाउनमध्ये हा शब्द इंग्रजी लेखांमधून पुन्हा वर आला. घरात कोंडलेल्या लोकांना त्यात आपलं नाव सापडलं. ते मला खोटं वाटत नाही. एवाग्रियसचे उपाय साधे आहेत: कामाचं माप आधी ठरवा आणि ते संपल्याशिवाय उठू नका, रडू आलं तर रडा, आपल्याच मनाचे दोन भाग करून एकाने दुसऱ्याला धीर द्या. विचार येणं आपल्या हातात नाही, त्याला मुक्काम करू द्यायचा की नाही हे आहे, असंही तो म्हणतो. मी रोज दोन पानांचं माप ठरवलं आणि प्रकरण पुढे सरकलं, हे कबूल करतो.

पण इथेच सांभाळायला हवं. गेल्या वर्षी माझ्या ओळखीतल्या एकाने पीएचडी सोडायचं ठरवलं, तेव्हा मी त्याला मोठ्या उत्साहात हा दुपारचा सैतान ऐकवला. “खोलीत बसून राहा,” म्हणालो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अरे, मला तीन महिने झोप नाहीये.” त्याला डॉक्टरची गरज होती आणि मी त्याला चौथ्या शतकातला सल्ला देत होतो. एवाग्रियसचा सल्ला अशा माणसासाठी होता, ज्याने ती खोली देवासाठी स्वतः निवडली होती आणि ज्याच्या शेजारी मनातलं ऐकून घेणारा वडीलधारा गुरू होता. तो संदर्भ काढून घेतला की त्याच सल्ल्याचा अर्थ ‘सहन कर’ एवढाच राहतो.

माझ्या मित्राने शेवटी संशोधन सोडलं. आता तो बरा आहे. त्याला त्या दिवशी काय बोलायला हवं होतं, याचा विचार करतच मी हे प्रकरण पुन्हा लिहिलं. जुन्या ग्रंथात स्वतःचा चेहरा दिसला की आनंद होतो, तो होऊ द्या. मग तो ग्रंथ कोणी, कोणासाठी, कशाच्या आशेवर लिहिला हे विचारा, आणि त्यानंतरच दुसऱ्याला त्यातलं काही सांगायला जा.