अंगणवाडी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वस्तीतच भरणारे बालशिक्षणाचे केंद्र. आज हा शब्द सरकारी योजनेशी जोडला गेला असला, तरी त्यामागची कल्पना ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर) बोर्डी-कोसबाड परिसरात रुजली.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. कुणाकडे धाकटे भावंड सांभाळायला, कुणाच्या अंगावर धड कपडा नाही. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाल्या. मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलाचा नाही, हे इतक्या सरळपणे कृतीत उतरवणारे प्रयोग आपल्याकडे थोडेच झाले.

माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांची जागा शिंपले, बिया, खडे, पाने यांनी घेतली. एक साधा खेळ पाहावा. चार वर्षांची मुलगी करवंट्यांत चिंचोके टाकते आहे, प्रत्येकीत पाच. चिंचोका चिमटीत धरताना तिच्या बोटांना जे वळण लागते, तेच पुढे पेन्सिल धरायला कामी येते. मोजता मोजता ती अंक बोलते. शेजारचा मुलगा करवंटी ओढतो, तेव्हा आपली पाळी म्हणजे काय हे दोघांनाही कळते. चुकून सहा पडले तर एक काढून घेते, कुणी न सांगता. शरीर, भाषा, बुद्धी आणि भावना यांचा विकास पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतो. मुलाच्या बाबतीत तो असा एकाच वेळी होतो.

आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे हाही इथल्या शिक्षणाचाच भाग होता. खरूज झालेल्या, उपाशी मुलाचे लक्ष गाण्यात कसे लागणार?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा तिच्यात येतात. केंद्रावरचे रोजचे काम सेविका आणि मदतनीस सांभाळतात. वजने, आहारवाटप, गृहभेटी, नोंदवह्या यांतून खेळ-गाण्यांना उरणारा वेळ फार थोडा असतो, आणि अंगणवाडी म्हणजे खिचडी मिळण्याची जागा असा समज त्यातूनच पसरला. हा समज सेविकांवर अन्याय करणारा आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून शालेय रचनेत घेतला. मात्र त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल लवकर देण्याची घाई वाढू नये. करवंट्या आणि चिंचोके त्याआधी हवेत, आणि तेही कुलूपबंद कपाटात नव्हे, मुलांचा हात पोहोचेल अशा फळीवर.