वाड्याचं माप

परदेशी शिकणाऱ्या बहिणीकडे निघालेल्या भावाच्या बॅगेत काय काय असतं, हे एक तो भाऊ जाणे आणि दुसरे कस्टमवाले. माझ्या बॅगेत दोन किलो भडंग होतं, मेतकूट होतं, तीन पिशव्यांत गुंडाळूनही आपलं अस्तित्व न लपवणारा कांदा-लसूण मसाला होता आणि सगळ्यांत तळाशी, दोन बनियनांच्या मध्ये, एक कागद होता. भडंगाची मला काळजी नव्हती. भीती होती ती त्या कागदाची.

तो कागद म्हणजे मुखत्यारपत्राचा मसुदा. आई गेल्यावर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतला आमचा वाडा आम्हा दोघा भावंडांच्या नावावर झाला. 2019 च्या पुरात पंचगंगेचं पाणी वाड्याच्या उंबऱ्याला लागून परत गेलं. 2021 मध्ये मात्र ते उंबरा ओलांडून सरळ माजघरात आलं. मागची भिंत त्यानंतर जी वाकली, ती आजतागायत नमस्काराच्या पवित्र्यात उभी आहे. एक बिल्डर तयार झाला. कागदावर माझी सही झाली. राहिली धाकटीची. आणि ही धाकटी जर्मनीत ड्रेस्डेनला शिकत काय होती, तर जुन्या इमारती पडू नयेत म्हणून काय करावं, हे! दारूच्या दुकानाच्या परवान्यासाठी व्यसनमुक्ती मंडळाच्या अध्यक्षांची शिफारस मागायला जावं, तसा माझा एकंदर प्रवास होता.

"युरोप बघून ये, तिच्याशी गोड बोल आणि शेवटी बर्लिनच्या आपल्या वकिलातीत सही करून घे," एवढा सोपा कार्यक्रम बायकोनं आखून दिला होता. तिचे सगळे कार्यक्रम आखताना सोपे असतात.

ड्रेस्डेनला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटीनं मला गावातल्या फ्राउएनकिर्शेसमोर उभं केलं. नाव अवघड असलं तरी अर्थ आपल्या ओळखीचा आहे. हे माउलीचं देऊळ. भला मोठा दगडी घुमट, फिकट पिवळसर भिंती आणि त्यांत मध्येच, कुठेही, काळेकुट्ट दगड.

मी म्हटलं, "रंगाऱ्यानं काम अर्ध्यावर सोडलेलं दिसतंय. पैसे आधीच दिले असतील."

"दादा, ते काळे दगड मूळचे आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे आगीची काजळी?"

"सगळी काजळी नव्हे. इथला वालुकाश्म वयानंच काळा पडतो. आपले केस पांढरे होतात, याचे दगड काळे होतात."

माझ्या केसांकडे तिनं पाहिलं नसतं तरी मुद्दा मला कळला असता.

मग तिनं हकिगत सांगितली. हे चर्च 1743 साली पुरं झालं. 13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री गावावर बॉम्ब पडायला लागले. सारं गाव पेटलं. पंचवीस हजारांपर्यंत माणसं गेली. चर्च मात्र उभं होतं. दोन दिवस आतून तापलेले त्याचे खांब 15 तारखेला सकाळी फुटले आणि घुमट खाली आला. पूर्व जर्मनीच्या राजवटीत तो ढिगारा तसाच पडून राहिला. एक-दोन नव्हे, चाळीसहून अधिक वर्षं. 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, गावकऱ्यांनी देशोदेशी हाक घातली, वर्गणी जमली. ढिगाऱ्यातला एकेक दगड उचलून, मोजून, नोंदवून ठेवला. हजारो दगड पुन्हा भिंतीत चढले आणि 30 ऑक्टोबर 2005 ला चर्च पुन्हा उघडलं. घुमटावरचा क्रूस लंडनच्या एका सोनारानं घडवला. त्याचा बाप त्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनवर आलेल्या विमानांपैकी एकात होता.

हे ऐकल्यावर विनोद करायची सोय राहिली नाही. मी गप्प उभा राहिलो.

"आणि दारं कशी केली, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "दारावरचं कोरीव काम नेमकं कसं होतं, ते कुणालाच धड आठवेना. पण लग्न लागलं की इथली मंडळी त्याच दारासमोर उभी राहून फोटो काढायची. मग आवाहन केलं. लोकांनी लग्नाचे आख्खे अल्बम आणून दिले. नवरा-नवरीच्या डोक्यामागचं दार बघून सुतारांनी नवं दार केलं."

आमच्या घराण्यातली झाडून सगळी लग्नं वाड्याच्या दिंडीदरवाजासमोर उभी आहेत. कारण कलात्मक नव्हे. आमच्या फोटोग्राफरला ऊन तेवढ्याच जागी सापडायचं. आईचा फोटोही तिथलाच. पण त्यात दार दिसत नाही, मधे दोन आत्या उभ्या आहेत.

त्या दिवशी मी कागद काढला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही प्रागला निघालो. गाडी दोन-अडीच तास एल्ब नदीच्या काठाकाठानं जाते. समोरच्या बाकावरच्या आजोबांना मी माणुसकीपोटी मूठभर भडंग दिलं. त्यांनी ते हसतमुखानं तोंडात टाकलं आणि पुढची दोन स्टेशनं ते खिडकीबाहेर बघत होते. निसर्ग बघत होते की डोळे पुसत होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रागच्या जुन्या चौकात 1410 सालचं घड्याळ आहे. तास झाला की सांगाडा घंटा ओढतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य एकामागून एक दर्शन देऊन जातात आणि खाली जमलेली गर्दी आपापल्या मोबाइलमधून त्यांच्या पाया पडते. मीही पडलो. मग धाकटीनं माझा दंड धरून मला घड्याळाच्या बाजूला वळवलं. तिथं मोकळी जागा होती. बाकं, झाडं, हिरवळ.

"ही काय?" मी विचारलं.

"टाउन हॉलची पडलेली बाजू."

प्राग तसं युद्धातून नशिबानं वाचलेलं शहर. तरी 14 फेब्रुवारी 1945 ला काही अमेरिकन विमानं वाट चुकली आणि हेच ड्रेस्डेन, असं समजून त्यांनी प्रागवर बॉम्ब टाकले. सातशेच्या आसपास माणसं त्या चुकीत गेली. पुढं मे महिन्यात, युद्ध संपता संपता, शहरात उठाव झाला आणि त्या लढाईत टाउन हॉलचा हा भाग जळाला. घड्याळही जायबंदी झालं. ते दुरुस्त होऊन 1948 मध्ये पुन्हा चालू लागलं. पण शेजारच्या जागेवर काय बांधावं, याचा निकाल लागेना. स्पर्धा झाल्या, नकाशे आले, बक्षिसं वाटली गेली आणि जागा मोकळीच राहिली.

मी म्हटलं, "आमच्या गल्लीतही अशी एक जागा आहे. दोन चुलतभावांचा दावा चालू आहे."

ती हसली नाही. "आपल्या जागेचं काय ठरलंय, दादा?"

"कसलं?"

"कागद मला पहिल्याच दिवशी दिसला. मसाला काढायला बॅग उघड म्हणून तूच सांगितलंस."

बनियनांवर विश्वास ठेवू नये, हा धडा मला वयाच्या मानानं फार उशिरा मिळाला. मग त्या सहाशे वर्षं जुन्या घड्याळाखाली आमचं शुक्रवार पेठी भांडण झालं. वाडा दुरुस्त करता येतो, असं तिचं म्हणणं. भिंत अशी धरायची, तुळई तशी बदलायची, असं तिचं चाललं होतं. मी ऐकत होतो. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "तू इथं दगडांना नंबर घालत बसतेस. तिथं रात्री पाऊस आला की पातेली मी मांडतो. कुठल्या तुळईखाली कुठलं पातेलं, त्याचे नंबर मला पाठ आहेत."

ती काही बोलली नाही. घड्याळात पुढचा तास पडला. शिष्य आले, गेले. या वेळी आम्ही वर पाहिलं नाही.

प्राग ते वॉर्सा हा आगगाडीचा प्रवास मोठा आहे. न बोलता केला तर त्याहून मोठा. दुपारी तिनं पुढे केलेल्या पावाला मी मेतकूट लावलं आणि तिच्या हातात अर्धा दिला. तिनं तो घेतला. भावंडांचे तह असेच होतात. त्यांच्यावर सह्या नसतात.

वॉर्साच्या जुन्या गावातला चौक पाहून मात्र मी मनापासून म्हणालो, "हे खरं जुनं!" अरुंद उंच घरं, पिवळी, तांबडी, हिरवी, भिंतींवर चित्रं, खाली फरसबंदी. तीनशे वर्षांपूर्वीचा एखादा व्यापारी त्यातून कोट झटकत बाहेर आला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

"हा चौक 1953 सालचा आहे," धाकटी म्हणाली. "आपला वाडा याच्याहून साठेक वर्षांनी मोठा."

1 ऑगस्ट 1944 ला वॉर्साच्या लोकांनी नाझी फौजांविरुद्ध उठाव केला. तो 63 दिवस चालला आणि मोडला. त्यानंतर राहिलेल्या माणसांना शहराबाहेर हाकलून नाझींनी वॉर्सा रीतसर, एकेक घर, एकेक रस्ता करत जाळलं आणि सुरुंगांनी उडवलं. शहरातल्या इमारतींपैकी सुमारे 85 टक्के नाहीशा झाल्या. युद्ध संपल्यावर लोक परत आले तेव्हा परतायला गाव नव्हतं. त्यांनी ते पुन्हा बांधलं. दुसऱ्या शहरांच्या ढिगाऱ्यांतून विटा आणल्या. राजवाड्याला मुहूर्त लागायला तर 1971 साल उजाडलं.

"पण कुठलं घर कसं होतं, हे कळलं कसं? इथंही लग्नाचे अल्बम?"

"थोडे फोटो, थोडी चित्रं." अठराव्या शतकात बेल्लोत्तो नावाचा एक व्हेनिसचा चित्रकार आधी ड्रेस्डेनला आणि नंतर वॉर्साला राजाच्या पदरी होता. त्यानं या शहराचे रस्ते, घरं, खिडक्या इतक्या बारकाईनं रंगवल्या होत्या की दोनशे वर्षांनी गवंड्यांना त्यांचा उपयोग झाला. "पण खरा आधार नकाशांचा. इथल्या तंत्रविद्यालयातल्या प्राध्यापकांनी आणि मुलांनी युद्धाच्या आधीपासून जुन्या घरांची मापं घेऊन ठेवली होती. युद्ध चालू असतानाही लपूनछपून घेत राहिले. शहर जळालं, पण ते कागद लपवून वाचवले. दादा, मोजलेलं होतं म्हणून बांधता आलं."

मला चार दिवसांत पहिल्यांदा वाटलं की ही मुलगी शिकते ते काहीतरी कामाचं आहे.

संध्याकाळी तिनं मला आणखी एका ठिकाणी नेलं. मोंते कासिनोच्या लढाईचं मोठं स्मारक आहे, त्याच्याजवळ. तिथं एक लहानसं स्मारक होतं आणि त्यावर नाव होतं कोल्हापूरचं. परदेशात आपल्या गावाचं नाव अचानक दिसलं की माणूस आधी चष्मा पुसतो. मी पुसला. नाव तसंच होतं.

हकिगत आम्हा कोल्हापूरकरांना ऐकून माहीत असते. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून बायकामुलांसह असंख्य माणसं दूर सैबेरियाकडे नेऊन टाकली. पुढं सुटका झाल्यावर त्यांतली काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार जण कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. शाळा, चर्च, स्काउट, नाटकं, सगळं त्यांनी तिथं चालवलं. आजी सांगायची, "पोलंडच्या बायका बाजारात यायच्या. भाव मराठीत करायच्या आणि रडायच्या आपल्या भाषेत." युद्ध संपलं तरी त्यांच्यातल्या पुष्कळांना घरी जाता आलं नाही, कारण त्यांची गावंच सोव्हिएत हद्दीत गेली होती. ते जगभर पांगले. त्यांची छावणी पुढं फाळणीतून आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवली. तेच आजचं गांधीनगर. तिथं मी स्वस्त कापड घ्यायला शंभरदा गेलो असेन. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश मंडळींचा स्मारकस्तंभ आहे. त्याच्या सावलीत मी भेळ खाल्ली आहे. पण तो नीट वाचला नव्हता. वॉर्सातलं हे स्मारक 2017 मध्ये झालं. ते वाचायला मला विमानाचं तिकीट काढावं लागलं.

धाकटी माझ्या शेजारी उभी होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "दादा, मी सही करते."

मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

"पातेली मी मांडत नाही, तू मांडतोस. ते तुझं बरोबर आहे. पण पाडायच्या आधी सगळा वाडा मोजायचा. खण न् खण. तुळया, देवळ्या, कडीपाट, जिना, सगळं. मी सांगेन तसं. मोजून झाल्याशिवाय बिल्डरनं एका विटेला हात लावायचा नाही."

बर्लिनला वकिलातीत तिनं सही केली. बाहेर आल्यावर खांद्यावरच्या पिशवीतून एक टेप काढून माझ्या हातात ठेवला. चांगला पंधरा मीटरचा, जर्मन.

परत आल्यापासून मी वाडा मोजतो आहे. टेपचं दुसरं टोक शेजारचा पोरगा धरतो, त्याला दर खोलीमागं एक चॉकलेट ठरलं आहे. मोबाइलवर पलीकडून धाकटी हुकूम सोडते, "देवळीची खोली घेतलीस? कर्ण घेतलास?" चाळीस वर्षं ज्या माजघरात जेवलो, त्याचा एकही कोपरा काटकोनात नाही, हे मला आत्ता कळलं. आईच्या ट्रंकेमागं भिंतीत एक कोनाडा निघाला, त्याची नोंद कुणाच्याच आठवणीत नव्हती. आता नकाशात आहे. बिल्डरचा माणूस रोज येऊन विचारतो, "साहेब, अजून किती राहिलंय?" मी म्हणतो, "बरंच."

काल दिंडीदरवाजा झाला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आई ज्या उंबऱ्यावरचं माप ओलांडून या घरात आली, त्या उंबऱ्याला मी टेप लावला. उंची साडेनऊ इंच.

धाकटी पलीकडून म्हणाली, "नीट बघ, दादा. लहानपणी मी त्याच्यावर चढून बसायची. दोन फूट तरी असेल."

मी पुन्हा मोजला. साडेनऊच भरला.