पत्रातली खूण

"म्हाताऱ्या माणसांना इंटरनेट कळत नाही, म्हणून ती फसतात" असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. आखातातून आपल्या घरी येणाऱ्या निरोपांचा इतिहास पाहिला तर वेगळंच दिसतं.

दुबईत टपाल कचेरी आली १९०९ साली, आणि ती चक्क भारतीय टपाल खात्याची होती! पुढे पाकिस्तानी आणि मग ब्रिटिश टपाल खातं येऊन गेलं आणि १९६३ मध्ये दुबईची स्वतःची तिकिटं निघाली. १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिरात हा देश झाला. नंतरच्या तेलाच्या तेजीत रत्नागिरी, खेड, महाडकडची कितीतरी माणसं इकडे कामाला आली. पत्र गावी पोचायला बरेच दिवस लागत. पण ते खरं की खोटं, हा प्रश्न सहसा पडत नसे. अक्षर ओळखीचं, पाकिटावर शिक्का, आणून देणारा पोस्टमनही ओळखीचा. नंतर लोक कॅसेटवर बोलणं भरून गावी जाणाऱ्याबरोबर पाठवू लागले. आवाज तर ओळखीचा असेच, शिवाय कॅसेट आणणारा समोर बसून चहा घेणार! पैसे यायचे ते बँकेच्या ड्राफ्टने. तो वटायला वेळ लागे, आणि त्या वेळात शंका आली तर चार जणांना विचारता येई.

म्हणजे प्रत्येक साधनाबरोबर खात्री करायची सोय आपोआप येत होती. आमच्या आई-वडिलांची, आजी-आजोबांची पिढी ही सोय फार हुशारीने वापरायची.

मग १९९५ साली भारतात आणि इथेही सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. २००९ मध्ये व्हॉट्सॲप आलं, आणि स्मार्टफोन हातात आल्यावर ज्येष्ठ मंडळींनी ते झपाट्याने आपलंसं केलं. नातवाचे फोटो, भजनी मंडळाचा ग्रुप, सगळं तिथे. पण जुन्या खुणा मात्र गळून पडल्या. टाइप केलेलं अक्षर सगळ्यांचं सारखंच. फोटो कुणीही कुणाचाही लावू शकतो. आता तर संगणक आवाजाचीही नक्कल करतो. आणि २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून पैसे क्षणात जातात, त्यामुळे विचारायला मधे वेळच उरला नाही.

यूएईतल्या कुटुंबांची अडचण आणखी एक आहे. इथे व्हॉट्सॲपवरच्या कॉलवर वर्षानुवर्षं बंदी आहे, परवाना मिळालेली बोटिमसारखी ॲप्स वापरावी लागतात. समजा, गावी आईला निरोप आला, "फोन हरवलाय, हा नवा नंबर, तातडीने पैसे पाठव". ती त्याच नंबरवर व्हॉट्सॲप कॉल करते, तो लागत नाही. इतर कुणाला यात काळंबेरं वाटेल. दुबईतल्या मुलाच्या आईला ते रोजचंच वाटतं! भामट्याला याहून काय हवं?

म्हणून खूण आपणच पुन्हा ठरवायला हवी. घरात एक शब्द ठरवा, फक्त घरच्यांना माहीत असलेला, आणि तो चॅटमध्ये कधीही लिहू नका. पैशांचा निरोप आला तर जुन्या, पाठ असलेल्या नंबरवर साधा फोन करा. दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. तो लागला नाही तर सुनेला, जावयाला विचारा. ओटीपी कुणालाही सांगू नका. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही, हे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं आहे. भारतात पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पुढचं खातं गोठवता येण्याची शक्यता जास्त.

इथे मुलांकडे राहायला येणाऱ्यांसाठी आणखी एक. यूएईत २०२१ च्या सायबर कायद्यानुसार अफवा पसरवणं हा गुन्हा आहे, आणि त्याला किमान एक वर्ष कैद व एक लाख दिरहम दंड आहे. खात्री नसलेला फॉरवर्ड पुढे ढकलू नका.

असो. ज्या बायामाणसांनी वर्षानुवर्षं नुसत्या अक्षरावरून माणूस ओळखला, त्यांना हे अवघड नाही. त्यांना "तुला काय कळतंय" म्हणण्याऐवजी येत्या रविवारच्या फोनवर तेवढा एक शब्द ठरवून टाका.