नाणेफेक जिंकली, पुढे काय? : आधी फलंदाजी घेण्याच्या सवयीचा इतिहास

बदनापुरात क्रिकेटवर बोलायचं म्हटल्यावर आम्हाला दोघातिघांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात हा विषय कशाला? आम्ही म्हटलं, कर्णधारानं नाणेफेक जिंकून आधी फलंदाजी घेतली, एवढ्या एका वाक्यात माती आहे, पाऊस आहे, सवय आहे आणि माणसाची जबाबदारीही आहे. इतिहासाला आणखी काय लागतं?

आपल्यापैकी बहुतेकांनी पहिली नाणेफेक नाण्याशिवायच केलेली असणार. एक चपटी खापरी घ्यायची, एका बाजूला थुंकी लावायची, वर फेकायची आणि विचारायचं, ओलं की सुकं? जो जिंकला तो विचार न करता म्हणायचा, 'आपली बॅटिंग.' त्यामागे खेळपट्टीचा अभ्यास वगैरे काही नव्हता. अंधार पडला, चेंडू हरवला किंवा घरून हाक आली, तर आपली फलंदाजी तरी झालेली असावी, इतकाच हिशेब. गंमत अशी, की मोठ्या मैदानावरचा हिशेबही पुष्कळ वर्षं याच जातीचा होता. पुढे काय होईल ते माहीत नाही, म्हणून आज हातात आहे ते घेऊन टाका.

आणि कर्णधारपण आपल्या जिल्ह्याला अगदी परकं नाही बरं का. जालन्याचा विजय झोल २०१४ साली १९ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. त्याआधी २०११ मध्ये त्यानं महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालच्या संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या होत्या. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात दुबईला इंग्लंडविरुद्ध भारतानं आधी फलंदाजी केली, ५० षटकांत २२१ धावा केल्या आणि सामना शेवटच्या षटकात तीन गडी राखून गेला. एवढ्या लहान वयात 'आधी काय करायचं' हा प्रश्न जालन्याच्या पोराच्या खांद्यावर होता, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आता ही सवय आली कुठून ते पाहू. १७४४ साली लंडनमध्ये क्रिकेटचे नियम लिहिले गेले, त्यात नाणं उडवण्याची गोष्ट आहे. म्हणजे खेळाच्या लिखित नियमांइतकीच नाणेफेक जुनी. पुढे डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्या नावावर एक सल्ला रूढ झाला. त्याचा मथितार्थ असा, की शंका आली तर जरूर विचार करा, पण शेवटी फलंदाजीच घ्या. आज हे ऐकताना हट्टीपणा वाटतो. पण त्या काळी खेळपट्टी झाकत नसत. पाऊस आला की ती भिजायची, ऊन पडलं की वाळायला लागायची, आणि त्या अर्ध्या ओल्या मातीवर चेंडू कसा उसळेल ते सांगता यायचं नाही. म्हणून खेळपट्टी कोरडी आहे तोवर धावा करून ठेवा, पाऊस आला तर तो समोरच्याच्या वाट्याला जाऊ द्या.

याचा चटका मराठी माणसालाच बसलेला आहे. १९५२ साली मँचेस्टरला आपला कर्णधार होता सांगलीचा विजय हजारे. इंग्लंडनं आधी फलंदाजी करून ९ बाद ३४७ वर डाव सोडला. मग पावसानं भिजलेल्या खेळपट्टीवर आपला संघ एकाच दिवसात दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२. पहिल्या डावात ट्रूमननं ३१ धावांत आठ बळी घेतले. त्या काळात दुसऱ्यांदा खेळायला येणं म्हणजे काय, हे या एका दिवसावरून कळतं.

दुसरं कारण आजही टिकून आहे. कसोटी पाच दिवसांची. चौथ्या-पाचव्या दिवशी खेळपट्टीला भेगा पडतात, बुटांनी माती उखडते, फिरकी वळते. शेवटचा डाव आपल्या वाट्याला येऊ नये, असं कुठल्याही कर्णधाराला वाटणारच. आपल्या देशातल्या मैदानांवर तर जास्तच.

पण सवय मोडणारेही होतेच. फेब्रुवारी १९७१, किंग्स्टन. अजित वाडेकर पहिल्यांदाच भारताचं नेतृत्व करत होते. पहिला दिवस पावसात वाहून गेला. वेस्ट इंडिजचे कर्णधार सोबर्स यांनी नाणेफेक जिंकून आपल्याला आधी फलंदाजी दिली. आपली अवस्था झाली ५ बाद ७५. सोबर्स यांचा डाव बरोबर पडला असं वाटत होतं. मग गोव्याचे दिलीप सरदेसाई आणि मुंबईचे एकनाथ सोलकर यांनी १३७ धावांची भागी केली. सोलकरांचे वडील हिंदू जिमखान्यावर माळी होते, म्हणजे खेळपट्टीची माती या मुलानं घरातच ओळखायला शिकली होती. सरदेसाईंनी २१२ केल्या, आपले ३८७ झाले, वेस्ट इंडिज २१७ वर बाद.

आता खरी गंमत ऐका. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला २०० लागतात. पण पहिला दिवस वाया गेला, तर सामना चार दिवसांचा धरतात आणि १५० पुरतात. वाडेकरांना नियम पाठ होता. ते जाऊन म्हणाले, पुन्हा फलंदाजीला या. सामना अनिर्णित राहिला, पण पुढची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी आपण जिंकली आणि त्या एका विजयावर मालिकाही. त्याच पावसानं दोन्ही कर्णधारांपुढे प्रश्न टाकला होता. एकानं खेळपट्टी पाहिली, दुसऱ्यानं खेळपट्टीबरोबर नियमाचं पुस्तकही पाहिलं.

सवय मोडली म्हणजे शहाणपण, असंही नाही. मार्च २००६ मध्ये वानखेडेवर राहुल द्रविड यांनी नाणेफेक जिंकून इंग्लंडला फलंदाजी दिली. इंग्लंडनं ४०० केल्या, शेवटच्या डावात आपण १०० वर संपलो, २१२ धावांनी हरलो. त्या दिवशी सगळे म्हणाले, आधी फलंदाजी का नाही घेतली?

आता येऊ मुख्य गोष्टीकडे. साल २०२४. रोहित शर्मा, जन्म नागपूरचा, वाढला मुंबईत बोरिवलीला. सप्टेंबरच्या शेवटी कानपूरला बांगलादेशविरुद्ध त्यानं नाणेफेक जिंकून आधी गोलंदाजी घेतली. भारतीय कर्णधारानं मायदेशी कसोटीत असं करण्याची ती नऊ वर्षांतली पहिलीच वेळ. संघात तीन वेगवान गोलंदाज होते. दोन दिवसांहून जास्त खेळ पावसात गेला, तरी आपण सात गडी राखून जिंकलो.

त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी बंगळुरू, न्यूझीलंडविरुद्ध. पहिला दिवस पावसात गेला, नाणेफेकसुद्धा झाली नाही. १७ ऑक्टोबरला ढगाळ हवेत नाणं पडलं, रोहितनं जिंकलं आणि आधी फलंदाजी घेतली. जेवणापर्यंत ६ बाद ३४. त्यानंतर ३१.२ षटकांत सगळे बाद, ४६. पाच जण शून्यावर. मॅट हेन्रीनं १५ धावांत पाच, ओरूर्कनं २२ धावांत चार बळी घेतले. मायदेशातली ही आपली सर्वांत कमी धावसंख्या.

त्याआधीचा नीचांक ७५ होता, नोव्हेंबर १९८७, दिल्ली, समोर वेस्ट इंडिज. तिथंही आपण आधी फलंदाजी केली होती आणि दिलीप वेंगसरकरांची कर्णधार म्हणून ती पहिलीच कसोटी होती. दुसऱ्या डावात वेंगसरकरांनी स्वतः १०२ काढल्या, पण सामना गेला. बंगळुरूलाही तसंच झालं. दुसऱ्या डावात सरफराझ खानच्या १५० आणि ऋषभ पंतच्या ९९ धावांवर आपण ४६२ केल्या, पण न्यूझीलंडनं पहिल्या डावात ४०२ करून ठेवल्या होत्या. त्यांना १०७ हव्या होत्या, दोन गडी गमावून त्यांनी त्या काढल्या. १९८८ नंतर भारतात त्यांचा हा पहिला कसोटी विजय.

रोहितनं काय केलं? पत्रकारांसमोर बसून सांगितलं, की खेळपट्टी ओळखण्यात आपण चुकलो. गवत फारसं नव्हतं, ती सपाट निघेल असं वाटलं. दोष त्यानं हवामानावर ढकलला नाही, माळ्यांवरही नाही.

आता इथं जरा थांबू. हा निर्णय चुकला हे आज कुणीही सांगेल, आकडा समोर आहे. पण न्यूझीलंडचा कर्णधार टॉम लॅथम त्याच नाणेफेकीच्या वेळी म्हणाला होता, की नाणं जिंकलं असतं तर आम्हीही फलंदाजीच घेतली असती. म्हणजे दोन्ही कर्णधारांनी माती सारखीच वाचली होती. एक नाणेफेक जिंकून फसला, दुसरा हरून वाचला!

मग चूक कुठं झाली? आमच्या मते चूक नाणं पडायच्या आधीच झाली होती. कानपूरचा तिसरा वेगवान गोलंदाज आकाश दीप बंगळुरूला नव्हता, त्याऐवजी अश्विन आणि जडेजाच्या जोडीला तिसरा फिरकी गोलंदाज कुलदीप यादव होता. तीन फिरकी गोलंदाज घेतलेला कर्णधार ओल्या सकाळी गोलंदाजी कशाला घेईल? त्याला तर शेवटच्या दिवसाची उखडलेली माती हवी. म्हणजे मैदानावर तो 'बॅटिंग' म्हणाला तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा फारशा उरलेल्याच नव्हत्या. अकरा नावांच्या कागदानं एक वाट आधीच बंद केली होती. इतिहासात आपण असं पुष्कळदा करतो. शेवटच्या क्षणाला निर्णय म्हणतो, आणि खरा निर्णय आदल्या दिवशी कुठल्या तरी बैठकीत झालेला असतो, त्याकडे बघतच नाही.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. पुण्यात गहुंज्याला न्यूझीलंडनं नाणेफेक जिंकली, आधी फलंदाजी घेतली, ११३ धावांनी जिंकले. सँटनरनं सामन्यात १३ बळी घेतले. मुंबईत वानखेडेवर पुन्हा नाणेफेक त्यांची, पुन्हा आधी फलंदाजी, २५ धावांनी विजय. तिथं ११ बळी घेणारा एजाझ पटेल मुंबईतच जन्मलेला! तीन गावं, तिन्हीकडं नाणेफेक जिंकणाऱ्याचा निर्णय एकच. बंगळुरूला तो बुडाला, पुण्यात आणि मुंबईत तरला. निर्णय तोच, माती वेगळी. मग 'आधी फलंदाजी' बरोबर की चूक, या प्रश्नाला मुळात अर्थच राहत नाही. विचारायचं ते असं, की या मातीवर, या हवेत, या अकरा जणांना घेऊन काय करायचं?

काही जण म्हणाले, नाणेफेकच नको. इंग्लंडमध्ये २०१६ पासून काही वर्षं कौंटी सामन्यात पाहुण्या कर्णधाराला नाणं न उडवता थेट गोलंदाजी घेता यायची. मे २०१८ मध्ये अनिल कुंबळे अध्यक्ष असलेल्या आयसीसीच्या समितीनं मुंबईतल्या बैठकीत कसोटीतली नाणेफेक बंद करण्यावर चर्चा केली आणि ती ठेवायचीच असं ठरवलं. आम्हाला ते पटतं. नाणं काढून टाकलं तरी खेळपट्टी ओळखायचं काम काही सुटत नाही.

हे बदनापुरात आम्ही वेगळं काय सांगणार? इथं कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीचा बीडीएन ७११ हा वाण इथलाच, नावातला बीडीएन म्हणजे आपलं बदनापूर. मृगाचा पहिला पाऊस पडला की प्रत्येक शेतकऱ्यापुढे नाणेफेकच असते. पेरायचं की थांबायचं? कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण शेजाऱ्याच्या शिवारात तिफण फिरताना दिसली, की थांबणं किती अवघड असतं हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. लवकर पेरलं आणि पाऊस टिकला, तर गावात हुशार. पावसानं दडी मारली, तर दुबार पेरणी, बियाण्याचा खर्च दुप्पट आणि वर पारावरचं बोलणं. कर्णधाराला पुढची कसोटी असते. शेतकऱ्याला पुढचा हंगाम वर्षानं.

म्हणून इतकंच सांगू. ज्याची पेरणी वाया गेली त्याला लगेच वेडा म्हणू नका, आणि ज्याची साधली त्याला लगेच जाणता म्हणू नका. त्या दिवशी त्याला काय दिसत होतं, काय माहीत होतं आणि आधीच्या कुठल्या निर्णयानं त्याचे हात बांधले होते, ते आधी विचारा. आणि चुकलं तेव्हा जो म्हणाला, 'ओळखायला मीच चुकलो', त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. त्याच्याकडून शिकायला मिळतं, कारण पुढच्या वेळी तो माती नीट बघणार असतो.

आमचं बोलणं इथं थांबवतो. आता प्रश्न तुमचे. ओलं की सुकं, ते तुम्ही ठरवा.