"हो हो, समजलं!"

परवा लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी फोनवरच औषध सांगितलं म्हणे. मी लगेच विचारलं, "त्यांना परत म्हणून दाखवलंस का?" ती हसली. माझी जुनी खोड! पण तिला कारण आहे.

ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ साली. तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, 'लॅन्सेट' या इंग्लंडमधल्या वैद्यकीय साप्ताहिकात एक हकीकत आली. रात्री एका घरात बाळ खोकू लागलं. हा क्रूप, म्हणजे श्वास कोंडणारा घशाचा आजार, तर नाही ना, या भीतीनं घरच्यांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, बाळाला फोनजवळ धरा, खोकला ऐकू द्या. ऐकून त्यांनी सांगितलं, हा क्रूप नाही. घाबरलेल्या माणसाच्या वर्णनावर ते विसंबले नाहीत, हे मला फार आवडतं.

बरोबर शंभर वर्षांनी, १९७९ साली, आमच्या गावात फोन फक्त पोस्टात होता. दीड वर्षाच्या धाकट्याला जुलाब लागले. ह्यांनी तालुक्याच्या डॉक्टरांना ट्रंक कॉल लावला. बनगावच्या निर्वासित छावणीत १९७१ साली डॉ. दिलीप महालनोबिस यांनी क्षार-साखरेचं पाणी पाजून पटकीचे रुग्ण वाचवले होते. त्याचाच घरगुती प्रकार डॉक्टरांनी सांगितला: एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. खरखरीत 'चहाचे' गेलं आणि 'अर्धा'ही गेला. "हो हो, समजलं!" म्हणून ह्यांनी फोन ठेवला. मी जेवणाचा मोठा चमचाभर मीठ घातलं. सासूबाईंनी आधी स्वतः चाखलं आणि थुंकल्या. "अगं, हा तर समुद्र! डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट पाजतेस लेकराला?" इतकं मीठ जिवावर बेतू शकतं, हे मला नंतर कळलं.

वर्गात "समजलं का?" विचारलं की सगळी मुलं "हो बाई" म्हणायची. म्हणून मी एकाला उठवून म्हणून दाखवायला लावायची. फोनवरही तेच करावं. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या काळात, आपल्याकडे दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम आले. लाइनही आता स्वच्छ असते. पण घाईचं "हो हो" तसंच आहे. औषध कोणतं, किती, कधी, आणि काय दिसलं तर थेट दवाखाना गाठायचा, एवढं डॉक्टरांना परत म्हणून दाखवा. दर वेळी चाखून बघायला सासूबाई नसतात.