देवीचा रोग कसा गेला?

श्रोतेहो, आपल्या घरातील साठीच्या पुढच्या माणसांचे हात पाहा. बहुतेकांच्या हातावर जुना वण दिसेल. ती देवी टोचल्याची खूण. ज्या रोगासाठी ती टोचली, तो आज जगात कुठेही उरलेला नाही. हे कसे घडले बरे?

इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने १७९६ साली गाईच्या देवीची लस प्रथम टोचली. पण ती आपल्याकडे आणायची कशी? वाटेतच ती निकामी होई. अखेर बगदाद-बसऱ्याच्या वाटेने ती मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. तिच्या हातावरच्या फोडातील लस दुसऱ्या मुलांना, त्यांची तिसऱ्यांना, अशी ती पुढे गावोगाव गेली.

मग रोग जायला पावणेदोनशे वर्षे का लागली? एक कारण असे, की लस होती, पण रोगी दडवला जाई. घरात देवी आल्या की पुष्कळ लोक दार लावून घेत. असा एक लपलेला रोगी पुन्हा साथ उठवी. १९७३ पासून आरोग्यसेवक रोग्याचे चित्र घेऊन घरोघर हिंडले. शाळेत, बाजारात ते दाखवून विचारीत, "असा कोणी तुमच्या गावात आहे का?" कळवणाऱ्यास पुढे बक्षीसही मिळू लागले. रोगी सापडला, की त्याला वेगळे ठेवायचे आणि भोवतालच्या सर्वांना टोचायचे. मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रोगी नोंदला गेला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

देवीच्याच कुळातला एमपॉक्स २०२२ साली अनेक देशांत पसरला. त्याच जुलैत तो केरळातही आढळला. देवीपेक्षा तो सौम्य. बहुतेक रोगी दोन ते चार आठवड्यांत बरे होतात. ताप येतो, गाठी सुजतात, अंगावर फोड उठतात. निकट स्पर्शाने, शरीरसंबंधाने, रोग्याच्या कपड्या-अंथरुणाने तो लागतो. म्हणून खपल्या गळून नवी कातडी येईपर्यंत रोग्याने वेगळे राहावे, शुश्रूषा करणाराने हात साबणाने धुवावेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एखाद्या मुलाच्या अंगावर फोड दिसले, तर त्या कांजिण्याही असतील. ते डॉक्टरांना ठरवू द्या. मुलाला हिणवू नका, कोणाला हिणवू देऊ नका. हिणवले, की घरचे लोक दार लावून घेतात. आणि लावलेल्या दारामागेच साथ वाढते.